बस्त्याव मास्तर आणि जाजमवाले

बस्त्याव मास्तर चार आकडे मोजल्याशिवाय कुठलंही काम सुरू करत नसत. चहाची बशी तोंडाला लावायची असो, दाढीचा पहिला हात फिरवायचा असो, नाहीतर होडीतून धक्क्यावर पाय टाकायचा असो. आधी उजव्या पायाचा अंगठा दोनदा जमिनीवर आपटायचा, तोंडातल्या तोंडात सावकाश ‘वन, टू’ म्हणायचं, मग जरा घाईने ‘वन टू थ्री फोर’, आणि मग बशी ओठाला. चहा निवला तरी चालेल, पण तो तालात सुरू झाला पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

आमच्या वाडीत एक नव्वदीची म्हातारी वारली, तेव्हा शवपेटी उचलायला सहा जण उभे होते. अशा वेळी एक बाजू नेहमी आधी उठते आणि पेटी कलंडते. मयताच्या घरातली माणसं रडायची थांबून ‘सांभाळा, सांभाळा’ म्हणू लागतात. त्या दिवशी डावीकडे पुढे बस्त्याव मास्तर होते. त्यांनी अंगठा आपटला, चार आकडे मोजले, आणि सहाही जणांनी पेटी अशी उचलली की वर ठेवलेलं फूलसुद्धा हललं नाही. पाद्रीबाबांनी पुस्तकातून मान वर करून पाहिलं. तेव्हापासून वाडीत कुणाचंही मयत असलं, चर्चमध्ये जायचं असो की स्मशानात, उचलायच्या वेळी मास्तरांना बोलावणं येई.

किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांनी मात्र त्यांना एकदाच बोलावलं. मास्तरांनी दोर दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यावर ओढायला सांगितला. निम्मे लोक सवयीने पहिल्यावर ओढत राहिले. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत त्यातले मासे काय ते ठरवून निघून गेले होते.

मास्तरांचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक दगडी गडगा. मी तेव्हा मालवणच्या पोस्टात कारकून होतो. मास्तर साठीच्या अलीकडे असतील. उंच, काटकुळे, गाल आत गेलेले. पण ट्रंपेट तोंडाला लावलं की ते गाल कुठून तरी परत येत. त्यांनी पंचवीस वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं होतं. मग दारूबंदी आली, नाचाचे हॉल रिकामे पडले, बँड मोडले. बायको मेरी त्याआधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन आफ्रिकेत. मास्तर एक पत्र्याची ट्रंक आणि एक ट्रंपेट घेऊन आगबोटीने गावी आले. ट्रंकेत काय होतं ते पहिल्या रविवारी कळलं. पांढराशुभ्र कोट, गळ्याला काळा बो, आणि खाली, बहुधा विजार मुंबईत राहिल्यामुळे, पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी. या वेषात ते दर रविवारी ओट्यावर उभे राहून तासभर वाजवत. रस्त्याने जाणाऱ्या बायका पदर सारखा करून पुढे जात. पुढेपुढे सवय झाली. कोणी विचारलं की घर कुठलं, तर लोक सांगू लागले, कोटवाल्याच्या पलीकडचं.

मी गुरुवारी देवळात भजनाला पेटी वाजवायचो. एकदा घरी सराव करत असताना गडग्यावर मास्तरांचं डोकं उगवलं. बराच वेळ ते ऐकत होते. मग म्हणाले, “दत्ता, हात बरो आसा तुजो. पण तू खंयच थांबत नाय.”

मी म्हटलं, थांबलो तर लोक म्हणतील विसरला.

“म्हणांदेत. सूर असो खचाखच भरू नको. मदी जरा वारो जावंदे.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. पेटीलाच नव्हे, सगळ्याला लागू. पावलू शिंप्याने शिवलेला शर्ट घट्ट झाला तर ‘वारो जावंदे’. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं तर शेवटच्या बाकावरून हळूच ‘वारो जावंदे’. त्या दिवशी त्यांनी मला रविवारी सकाळी पेटी घेऊन ओट्यावर यायला सांगितलं. एक लहानसा बँड काढायचा होता. कसला, तर जॅझचा.

दुसरा माणूस सदा मेस्त्री. धंद्याने सुतार, पण दशावतारी नाटकात पखवाज वाजवायचा, आणि तो वाजला की तीन वाड्यांना कळायचं. मास्तरांनी त्याला सांगितलं की आपण जाज करायचा आहे. सदाने रंधा बाजूला ठेवला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, “जाजम कोणाचा आणूचा? देवळातला मोठा आसा, पण तेका उंदीर लागलेत.” हा किस्सा संध्याकाळपर्यंत बाजारात पोचला. मास्तरांनी आमच्या बँडला एक लांबलचक इंग्रजी नाव ठरवलं होतं, ते आम्हा कोणालाच नीट उच्चारता येईना. गावाने आम्हाला ‘जाजमवाले’ म्हणायचं ठरवलं, ते कायम झालं.

तिसरा पावलू शिंपी. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा. इतका लाजाळू की त्याचा गज तारेला लागला की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. पाच वर्षं तो चर्चमध्ये वाजवत होता आणि पुढच्या बाकावरच्या एका बाईंची अशी समजूत होती की तो नुसता धरून उभा राहतो. कोणाशी बोलायचा नाही. मापं घेतानासुद्धा आकडे स्वतःशीच पुटपुटायचा.

असे आम्ही चौघे. सदाने ड्रम तयार केले: पखवाज उभा बांधला, काथ्याच्या दोरीने एक झांज आडव्या वाशाला टांगली, आणि पावलूच्या जुन्या शिवणयंत्राची पायपट्टी जोडून ढोल वाजवायची सोय केली. ते यंत्र चाललं की बँड कमी आणि पिठाची गिरणी जास्त वाटे. सदाची आणखी एक अडचण होती. ट्रंपेटचा सूर वर चढला की त्याला वाटे, राक्षस रंगमंचावर आला, मग तो असा काही तुटून पडायचा की मास्तरांना ट्रंपेट खाली घेऊन सांगावं लागे, “सदा, राक्षस मेलो. आता हळू.” माझी अडचण तर मास्तरांनी गडग्यावरूनच ओळखली होती. मी सगळ्या पट्ट्यांना न्याय द्यायला बघायचो. मास्तर वाजवता वाजवता एक हात मोकळा करून माझं बोट पट्टीवरून अलगद उचलत आणि बाजूला ठेवत, ताटातली माशी उडवावी तसं.

रागावले मात्र कधी नाहीत. चार महिने आम्ही दर रविवारी जमलो. सराव झाला की मास्तर स्वतः केलेले पोळे आणि काळा चहा देत. पोळे घावनासारखे मऊ व्हायला हवे होते, ते होत नसत. तरी आम्ही पहिला घास त्यांनी चार आकडे मोजल्यावर एकदम घ्यायचो.

आणि एका रविवारी ते जमलं. मास्तरांनी स्वतःच रचलेली एक संथ चाल होती, तिला नाव नव्हतं, ‘पयलो नंबर’ म्हणायचे. मी चार पट्ट्या दाबल्या आणि थांबलो. सदाही थांबला. पावलूचा एक बारीक सूर तेवढा उरला, आणि त्या मोकळ्या जागेत मास्तरांचं ट्रंपेट आलं, घाई न करता, ओळखीच्या घरात माणूस येतो तसं. विहिरीवर दोन बायका पाणी काढत होत्या, त्यांनी रहाट थांबवला. संपल्यावर सदाने झांजेला हात लावून तिची थरथर बंद केली आणि म्हणाला, “ह्याका म्हणतत काय जाजम?” मास्तरांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते गळ्यातल्या बोवर आलेली मुंगी बराच वेळ शोधत राहिले.

त्यानंतर महिनाभराने मुंबईहून कार्ड आलं. मास्तरांच्या जुन्या बँडमधला एक जण आता एका हॉटेलात नोकरीला होता. हॉटेलात पुन्हा बँड ठेवायचं चाललं होतं, नाताळपासून पुढे चार महिने. मॅनेजरला वाजवण्याचं सँपल हवं होतं, टेपवर. मास्तरांना इंग्रजी बोलता येई, वाचायचं म्हटलं की चष्मा सापडत नसे. म्हणून त्यांची सगळी पत्रं मीच वाचायचो. कार्ड ऐकल्यावर त्यांनी आत जाऊन पांढरा कोट उन्हात टाकला. बुधवार होता.

टेप रेकॉर्डर सबंध गावात एकच, हसन सारंगांचा. ते परदेशी जहाजावर होते आणि सुट्टीवर येताना जपानहून बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन आले होते. स्पूलही एकच. त्यावर त्यांनी रेडिओवरची गाणी भरली होती, ती पुसायला ते तयार झाले, एवढ्या अटीवर की यंत्राला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

पहिल्यांदा मास्तरांच्या ओट्यावर करून पाहिलं. टेप लावल्यावर नुसता समुद्र ऐकू आला. आम्हाला तो रोजचा असल्यामुळे तो वाजतो हेच आम्ही विसरलो होतो. मग चर्चच्या हॉलमध्ये गेलो. तिथे सदाचा एकेक ठोका भिंतींना आपटून तीन तीनदा परत येई आणि सदा त्यालाही उत्तर देई. शेवटी हसन सारंग म्हणाले, धामापूरला तळ्याकाठी जाऊ, तिथे पान पडलं तरी कळतं.

एका शनिवारी पहाटे बैलगाडीत पेटी, पखवाज, ढोल, वासा, शिवणयंत्राची पायपट्टी आणि मांडीवर यंत्र घेतलेले हसन सारंग, असे निघालो. मास्तर पांढऱ्या कोटात गाडीवानाशेजारी बसले होते आणि त्या दिवशी खाली खरी विजार होती. पावलूने रात्री बसून, न सांगता, स्वतःच्या कापडाची शिवली होती. धामापूरला पोचलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं. पायऱ्यांच्या वर झाडाखाली मांडामांड केली. हसन सारंगांनी बोट वर केलं, मास्तरांनी अंगठा आपटला.

पहिला नंबर सुरेख गेला. त्या रविवारसारखा नाही, पण त्याच्या जवळपास. दुसऱ्या नंबरच्या मध्यावर भगवतीच्या देवळात कोणीतरी घंटा वाजवली. आम्ही तिघे दचकलो. मास्तर मात्र तो घंटेचा सूर उचलून त्यावरूनच पुढे गेले, जणू भगवतीशी आधीच ठरलं होतं. तिसऱ्या नंबरला बॅटरी उतरली. नवी बॅटरी घालून ऐकताना ती चाल दुप्पट वेगाने पळत होती, ट्रंपेटचा डास झाला होता आणि सदाचा पखवाज म्हणजे कोणीतरी कढईत फुटाणे टाकतंय. आम्ही पायरीवर बसून पोट धरून हसलो. पावलूसुद्धा हसला, आवाजासकट. मास्तर म्हणाले, दोन नंबर बरे आहेत, तेवढे पुरेत.

स्पूल मी स्वतः पोस्टात नेऊन बांधलं. लाख लावली, शिक्का मारला. कोणाच्याही पार्सलवर मी इतकी लाख आजवर लावली नव्हती. नंतरचे दोन महिने आम्ही मनाने मुंबईत होतो. सदाने हत्यारं कोणाकडे ठेवायची ते ठरवलं. मी बिनपगारी रजेचा अर्ज लिहून खणात ठेवला. पावलूने चार एकसारखे पांढरे कोट कापले.

पत्र आलं ते डाकेच्या थैलीतून माझ्याच हातात पडलं. जाड पाकीट, वर हॉटेलचं चित्र. दुपारच्या सुट्टीत घेऊन गेलो. मास्तर अंगणात बसून ट्रंपेट चिंचेने घासत होते. त्यांनी हात पुसले आणि समोर बसले. मी पाकीट फोडलं आणि वाक्यामागून वाक्य त्यांना आपल्या भाषेत सांगू लागलो. वाजवणं मॅनेजरला फार आवडलं होतं. घंटेवरून पुढे जाणारा तो तुकडा त्यांनी तीनदा ऐकला होता. सरावासाठी डिसेंबरच्या एक तारखेपासूनच मास्तरांनी यावं, राहायला खोली मिळेल, जेवण हॉटेलात. साथीच्या तिघा वादकांची गरज नाही. हॉटेलकडे त्यांचे स्वतःचे चांगले वादक आहेत.

हे शेवटचं वाक्य मी बोलून गेलो आणि मग मला त्याचा अर्थ कळला.

मास्तर म्हणाले, “परत वाच.”

मी परत वाचलं. ते वाक्य गाळता आलं असतं, पण तेवढी अक्कल त्या वेळी सुचली नाही. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घालत बसलो. मास्तर माझ्याकडे पाहत होते.

“तुजी पेटी त्या मशिनीत नीट येवक नाय,” ते म्हणाले. “बॅटरी उतरलेली.”

मी म्हटलं, बॅटरी तिसऱ्या नंबरला उतरली.

“पयल्याकच उतराक लागलेली. माका कळता.”

मग मीच धीर करून म्हटलं, मास्तर, तुम्ही जा. इतकी वर्षं तुम्ही या पत्राची वाट बघताय. आम्हाला काय, आम्ही इथेच आहोत. सदाला आणि पावलूला मी समजावतो.

ते बराच वेळ ट्रंपेट घासत राहिले. ते केव्हाच लखलखीत झालं होतं.

“पंचवीस वर्सां मी थंय वाजयलंय, दत्ता. मेरी गेली तेव्हा बँडातले सगळे मयताक इले. दुसऱ्या दिवशी रिहर्सल होती, थंय पण सगळे इले. पण मगे माज्या खोलीर कोणी येवक नाय. चुकान पण नाय.” त्यांनी ट्रंपेट मांडीवर ठेवलं. “हंय तुमी तिघे दर आयतवारी येतात. पाऊस आसलो तरी येतात. माज्ये पोळे खातात.”

पोळ्यांबद्दल त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं. “ह्या तुज्याशिवाय कोणी वाचलां?”

“नाही.”

“मगे तू पण वाचूक नाय,” ते म्हणाले, आणि पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला उठून घरात गेले. हॉटेलला पाठवायचं उत्तर त्यांनी त्याच संध्याकाळी मला सांगून लिहून घेतलं. तब्येत बरी नसते, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आहे, एवढंच. शेवटी ‘लोभ असावा’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना, तर म्हणाले, तसंच लिही.

रविवारी सगळे जमल्यावर त्यांनी उभं राहून सांगितलं की मुंबईहून पत्र आलं. सदाने पायपट्टीवरचा पाय काढला. मास्तर म्हणाले की हॉटेलवाल्यांना ड्रम आवडले, असे ड्रम त्यांनी कधी ऐकले नव्हते. व्हायोलिन आवडलं, पेटी तर फारच आवडली. “पण ट्रंपेटवालो म्हातारो झालो म्हणतत. दम पुरना नाय. तेच्यामुळे जमाचा नाय. माका माफ करा रे.”

मी पेटीच्या भात्याकडे बघत बसलो. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बास.

पुढचा अर्धा तास सदा आणि पावलू यांनी त्यांचं सांत्वन केलं. सदा मुंबईच्या लोकांच्या कानांबद्दल बरंच बोलला. त्या लोकांना लाकूड ओळखता येत नाही, वाजवणं काय ओळखणार, असा त्याचा मुद्दा होता. दशावतारात गाणाऱ्या पेटीवाल्याचा दम सत्तरीत कसा परत आला तेही त्याने सविस्तर सांगितलं. मास्तर मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते, मधे मधे ‘होय रे’ म्हणत होते. सांत्वन करून घेण्यात त्यांनी काही कसूर केली नाही.

मग पावलू उठला. त्याला उभं राहून बोलताना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. हातातला गज त्याने दोनदा इकडून तिकडे केला.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुमी हळू वाजयलात तरी चलात. आमी सांबाळून घेव.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला सूर लावताना त्यांनी इतके महिने कान पुढे करून ऐकलं होतं.

“बरां रे बाबा,” ते म्हणाले. “सांबाळून घेवा.”

पावलूने शब्द पाळला. त्या रविवारपासून तो मोठ्याने वाजवू लागला. मास्तरांचा दम जिथे कमी पडेल असं त्याला वाटे तिथे तो बरोबर वर चढायचा, भरपूर आणि बहुतेक वेळा बेसूर, आणि ट्रंपेट सबंध झाकून टाकायचा. त्यानंतर आम्ही सात वर्षं वाजवलं, दोन-चार लग्नांत, चर्चच्या वर्षाच्या सणाला, फेस्ताला, एकदा हायस्कूलच्या संमेलनात. मास्तरांचा दम शेवटपर्यंत तसाच होता. एका श्वासात ते गडग्यापासून विहिरीपर्यंत सूर नेऊन परत आणत. पण पावलू चढू लागला की ते ट्रंपेट हळूहळू खाली घेत आणि त्याला पुढे जाऊ देत.